हनुवटीवरचे फोड आणि ‘त्या’ गोळ्या

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. वय २४. दिवाळीनंतर लग्न करायचं घरात चाललंय. तीन वर्षांपासून हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने जाड, दुखरे फोड येतात, पाळीच्या आठ दिवस आधी वाढतात आणि जाताना काळे डाग ठेवून जातात. डॉक्टरांनी गर्भनिरोधक गोळ्या लिहून दिल्या. आईने पाकीट पाहिलं आणि म्हणाली, ‘कुवार पोरीनं ह्या गोळ्या खाल्ल्या तं पुढं लेकरू होनार नाही. अन् कोनाले दिसलं तं काय म्हनतील?’ गोळ्या घ्याव्या का, किती दिवस घ्याव्या, आणि याशिवाय दुसरं काही औषध आहे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, मी त्वचारोगाची डॉक्टर आहे. बावीस वर्षं तालुक्याच्या गावी बसते. तुमच्या आईसारख्या शेकडो आया माझ्यासमोर बसून गेल्या आहेत, त्यामुळे तुमच्याइतकंच त्यांच्या काळजीलाही उत्तर देते.

आधी सरळ उत्तर. हो, तुमच्यासारख्या मुरुमांवर ह्या गोळ्या चालतात, चांगल्या चालतात, आणि लग्न न झालेल्या मुलीने घेतल्या म्हणून पुढे मूल व्हायला अडचण येत नाही. पण गोळी सुरू करण्याआधी काही प्रश्न विचारावे लागतात आणि बीपी मोजावं लागतं. तुम्हाला ते विचारले गेले की नाही, हे तुमच्या लिहिण्यातून कळत नाही. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

हे फोड येतात कसे ते बघा. आपल्या चेहऱ्याच्या कातडीत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. त्यांना तेल करायचा हुकूम अँड्रोजन नावाचे हार्मोन देतात. लोक त्यांना पुरुषी हार्मोन म्हणतात आणि मुली घाबरतात. पण ते प्रत्येक बाईच्या अंगात थोडे असतातच, अंडाशयात आणि किडनीच्या वर असलेल्या ग्रंथीत तयार होतात. तेल वाढलं, छिद्राच्या तोंडाशी मेलेली कातडी साचली, आत जंतू वाढले आणि सूज आली की फोड. चौदा-पंधराव्या वर्षीचे मुरूम जास्त करून कपाळावर, नाकावर असतात. पंचविशीच्या आसपास हनुवटीवर, जबड्यावर, मानेवर खोल गाठीसारखे येणारे आणि पाळीबरोबर कमीजास्त होणारे, त्यांना आम्ही हार्मोनचे मुरूम म्हणतो.

इथे एक गैरसमज फार पाहते. ‘हार्मोनचे रिपोर्ट केले, सगळे नॉर्मल आले, म्हणजे हार्मोनचं नाही.’ असं नसतं. बहुतेक मुलींच्या रक्तातले आकडे नॉर्मलच असतात. त्यांच्या ग्रंथी त्या नॉर्मल हार्मोनलाही जास्त तीव्रतेने प्रतिसाद देतात. म्हणून पाळी वेळेवर येत असेल तर मी हजारो रुपयांच्या तपासण्या लिहून देत नाही. पाळी पस्तीस दिवसांच्या पुढे जात असेल, हनुवटीवर किंवा पोटावर राठ केस येत असतील, डोक्यावरचे विरळ होत असतील, वजन वाढत असेल किंवा मानेची कातडी काळी, मखमली होत असेल, तर मात्र तपासणी हवी, आणि साखरही बघावी. हे सगळं अचानक, थोड्या महिन्यांत झालं असेल किंवा आवाज बदलला असेल तर लगेच मोठ्या दवाखान्यात दाखवा. रक्ततपासणी गोळी सुरू करण्याआधी करायची, कारण गोळी सुरू झाली की आकडे बदलतात.

पीसीओडी, म्हणजे पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा हार्मोनचा त्रास, हा शब्द आता आपल्या खेड्यांतही घरोघरी गेला आहे, आणि सोनोग्राफीत ‘गाठी’ दिसल्या म्हणून रडत आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्या गाठी नसतात. अर्धवट वाढलेल्या अंड्यांच्या बारीक पिशव्या असतात, त्यांचं ऑपरेशन नसतं. शिवाय पहिली पाळी आल्यावर आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओडी ठरवू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाच सांगतात, कारण त्या वयात अशा पिशव्या कितीतरी मुलींमध्ये दिसतात. सोळा वर्षांच्या पोरीच्या कपाळी हा शिक्का मारून तिच्या आईची झोप घालवू नये.

आता गोळीचं काम. एकत्रित गोळीत दोन हार्मोन असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन. ही गोळी अंडाशयाला विश्रांती देते, त्यामुळे तिथून येणारे अँड्रोजन कमी होतात. शिवाय इस्ट्रोजेनमुळे यकृत एक प्रथिन जास्त तयार करतं आणि ते प्रथिन रक्तात मोकळं फिरणारं टेस्टोस्टेरॉन धरून ठेवतं. शेतात मोकाट सुटलेली ढोरं दावणीला बांधली की पिकाचं नुकसान थांबतं, तसं. ढोरं तीच, गोठ्यातच, पण पिकात तोंड घालत नाहीत.

बाजारात बऱ्याच गोळ्या आहेत. सायप्रोटेरॉन २ मिलीग्रॅम आणि इथिनिल इस्ट्रॅडिऑल ३५ मायक्रोग्रॅमची गोळी आपल्याकडे मुरुमांसाठी सर्रास लिहिली जाते. ड्रॉस्पिरेनॉनची गोळी असते, डेसोजेस्ट्रेलची असते. आणि आपल्या उपकेंद्रात फुकट मिळणारी, आशाताईंच्याही पिशवीत असणारी माला-एन असते. तिच्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलीग्रॅम आणि इथिनिल इस्ट्रॅडिऑल ०.०३ मिलीग्रॅम असतं. माला-एनने मुरूम वाढतात असं मेडिकलवाले सुद्धा सांगतात. लेव्होनॉरजेस्ट्रेल एकटं दिलं तर काही जणींना मुरूम येतात हे खरं, पण इस्ट्रोजेनसोबत दिल्यावर एकूण परिणाम मुरूम कमी होण्याकडेच जातो. वेगवेगळ्या गोळ्यांची एकमेकींशी तुलना केली तर मुरुमांवरच्या गुणात फार मोठा फरक सापडत नाही. त्यामुळे महागडी गोळी परवडत नाही म्हणून जिने उपचारच सोडला असता, तिला मी माला-एन दिली आहे आणि गुण पाहिला आहे.

फरक आहे तो जोखमीत. रक्ताची गुठळी होणं हा ह्या गोळ्यांचा सगळ्यात गंभीर दुष्परिणाम आहे. युरोपच्या औषध संस्थेने २०१३ साली दिलेला हिशोब असा: गोळी न घेणाऱ्या १०,००० बायकांमध्ये वर्षाला साधारण २ जणींना गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळीवर ५ ते ७ जणींना, ड्रॉस्पिरेनॉन किंवा डेसोजेस्ट्रेलच्या गोळीवर ९ ते १२ जणींना. सायप्रोटेरॉनच्या गोळीची जोखीम लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या दीड ते दोन पट आहे, आणि म्हणून त्याच वर्षी त्या संस्थेने सांगितलं की ती गोळी मलम आणि अँटिबायोटिकने गुण न आलेल्या मुरुमांसाठीच ठेवावी. हे आकडे वाचून घाबरू नका. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर गुठळीची जोखीम यापेक्षा बरीच जास्त असते. पण दहा हजारांतली ती एक आपली मुलगी असू नये, यासाठीच पुढचे प्रश्न विचारायचे असतात.

मी काय विचारते ते सांगते. तुम्ही स्वतःला विचारून बघा आणि डॉक्टरांना सांगा. तुम्हाला किंवा आई-बहिणीला कधी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का? अर्धशिशी आहे का, आणि डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर नागमोडी चमक किंवा अंधारी येते का? अशी चमक येत असेल तर ही गोळी नाही, कारण लकव्याचा धोका वाढतो. सध्या कावीळ आहे का, लिव्हरचा काही आजार आहे का? स्तनात गाठ? बाळंत होऊन किती दिवस झाले, बाळ अंगावर पितं का? बीपी मी स्वतः मोजते. १४०/९० किंवा त्यावर असेल तर आधी बीपीचं बघते, मुरूम नंतर. मागे एक अडतीस वर्षांची बाई डोकं दुखतं म्हणून आली. मेडिकलमधून स्वतःच घेतलेली गोळी आठ महिने चालू होती, एकदाही बीपी पाहिलं नव्हतं, आणि माझ्या यंत्रावर ते १७०च्या वर होतं. चेहरा मात्र स्वच्छ झाला होता, आणि म्हणूनच तिला गोळी सोडायची नव्हती.

तंबाखूचा प्रश्न आपल्याकडे वेगळ्या तऱ्हेने विचारावा लागतो. ‘सिगारेट-बिडी ओढता का?’ म्हटलं की सगळ्या जणी नाही म्हणतात, आणि ते खरंच असतं. मग विचारायचं, ‘खर्रा?’ तेव्हा पदर तोंडाला लागतो. पस्तिशीपुढच्या, धूम्रपान करणाऱ्या बाईला इस्ट्रोजेनची गोळी देऊ नये हा पक्का नियम आहे. तो नियम खर्ऱ्यावर बेतलेला नाही, पण त्यातली तंबाखू हृदयाला आणि बीपीला काही भलं करत नाही. म्हणून पस्तिशीपुढे रोज खर्रा खाणारीला मी स्वतः ही गोळी सहसा लिहीत नाही. हा माझा निर्णय आहे, दुसरे डॉक्टर वेगळं ठरवू शकतात.

आणि सिकलसेल, हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. विदर्भाबाहेरच्या पुस्तकात हा प्रश्न शेवटच्या ओळीत असतो, आपल्याकडे तो पहिल्या ओळीत हवा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, आणि आपल्या यवतमाळातही कितीतरी घरांत हा आजार आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी एका मुलीला गोळी लिहून दिली आणि ती ‘एसएस’, म्हणजे सिकलसेलची रुग्ण, आहे हे दुसऱ्या महिन्यात बोलता बोलता कळलं. तिला काही झालं नाही. पण त्या रात्री मी झोपले नाही. सिकलसेलच्या रुग्णात रक्त मुळातच गोठायला टपलेलं असतं, त्यात इस्ट्रोजेन टाकणं मी टाळते. वाहक, म्हणजे ‘एएस’ असलेल्या मुलीला त्या एका कारणावरून गोळी नाकारायची गरज नसते. तुमची तपासणी शाळेत किंवा शिबिरात झाली असेल तर तो कागद शोधून काढा. लग्न ठरायच्या आधी तो तसाही लागतो, दोघांचाही.

टीबीचं औषध चालू असेल तर तेही सांगा. त्यातलं रिफाम्पिसिन गर्भनिरोधक गोळीचा परिणाम पार कमी करतं, आणि आयसोनियाझिडमुळे स्वतःच मुरुमांसारखे फोड येऊ शकतात. फिटच्या काही औषधांचंही तसंच, फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनमुळे गोळी निकामी होते. साध्या अँटिबायोटिकने मात्र होत नाही. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन आणि ही गोळी दोन्ही सोबत चालतात. फक्त उलट्या-जुलाब लागले तर गोळी अंगी लागत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आता आईंच्या काळजीकडे येते. गोळी बंद केल्यावर अंडाशय पुन्हा कामाला लागतं. बहुतेक जणींची पाळी एक-दोन महिन्यांत आपल्या जुन्या लयीवर येते. जिची पाळी आधीपासून अनियमित होती तिची पुन्हा तशी होते, आणि मग घरचे म्हणतात, गोळीने बिघडवलं. गोळीने बिघडवलेलं नसतं, गोळी चालू असेपर्यंत ते झाकलेलं असतं. म्हणूनच सुरू करण्याआधी पाळीच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवलेल्या बऱ्या, पुढे वाद होत नाही.

वजनाचंही तसंच. गोळीने वजन खूप वाढतं हे अभ्यासांत दिसत नाही. काहींना पहिल्या दोन महिन्यांत अंगाला थोडी सूज वाटते, ती जाते. वांगाचा त्रास मात्र खरा आहे आणि आपल्या भागात तो मला जास्त दिसतो. इस्ट्रोजेन आणि यवतमाळचं ऊन ही जोडी गालावर तपकिरी डाग उमटवते. आईला वांग असेल तर मुलीला आधीच सांगते. शेतात जाणाऱ्या बाईला ट्यूबभर सनस्क्रीन महिनाभर पुरत नाही हे मला माहीत आहे, म्हणून सुती दुपट्टा कपाळापासून, पण रोज धुतलेला. घामाने ओला झालेला तोच दुपट्टा आठवडाभर तोंडाला बांधला तर त्यानेच फोड येतात.

आणि ‘कोनाले दिसलं तं?’ ह्या प्रश्नाला मी हसत नाही. गावात गोळ्यांचं पाकीट दिसणं ही मुलीसाठी लहान गोष्ट नसते. मी चिठ्ठीवर मुरुमांसाठी असं मराठीत लिहून देते आणि आईला समोर बसवून सांगते की हेच औषध दुसऱ्या आजाराला दिलं की त्याचं नाव बदलतं. हृदयाची गोळी थरकापाला चालते, फिटची गोळी मुंग्या येण्याला चालते, तसंच हे. आईला पटलं की मुलीची गोळी चुकत नाही. न पटता घेतलेली गोळी दुसऱ्या महिन्यात चुलीत जाते, हे अनुभवाने सांगते.

घ्यायची कशी? पाळीच्या पहिल्या दिवसापासून, फार तर पाचव्या दिवसाच्या आत सुरू करा. रोज एकाच वेळी, रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. २१ दिवस गोळी, ७ दिवस खंड, त्या खंडात पाळी येते. माला-एनच्या पाकिटात २८ असतात, शेवटच्या सात लोहाच्या, म्हणजे खंड पाडायचा नाही, रोज एक. पहिल्या दोन-तीन महिन्यांत अधेमधे लाल डाग दिसतात, त्याला घाबरून बंद करू नका. एखादी चुकली तर आठवल्याबरोबर घ्या आणि पुढची ठरल्या वेळी. लग्नानंतर हीच गोळी गर्भनिरोधक म्हणूनही चालू ठेवणार असाल तर सलग दोन-तीन चुकल्यावर सात दिवस निरोध वापरावा लागतो. एका पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत कळ आली, दम लागला, कधी नव्हे असं डोकं ठणकलं किंवा दिसेनासं झालं, तर गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना, रात्र झाली असली तरी. मोठं ऑपरेशन ठरलं तर चार आठवडे आधी सांगायचं.

आणि धीर. हे सगळ्यात अवघड आहे. पहिल्या महिन्यात काही कळत नाही, काहींना तर थोडे वाढल्यासारखे वाटतात. तिसऱ्या पाकिटानंतर फोड कमी येऊ लागतात, खरा गुण सहा महिन्यांनी मोजायचा. माझ्याकडे ‘गोळी लागली नाही’ म्हणून येणाऱ्यांपैकी निम्म्या जणींनी दीड महिन्यात सोडलेली असते. तुम्ही मे महिन्यात विचारताय आणि लग्न दिवाळीनंतर आहे. वेळ आहे, पण वाया घालवण्याइतका नाही.

फक्त गोळीवर मी कधीच सोडत नाही. सोबत रात्री ॲडापॅलिन ०.१ टक्का जेल, वाटाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला, फक्त फोडावर नाही. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. चेहरा कोरडा पडतो, सोलतो, ते अपेक्षित आहे. सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के, उशीच्या खोळीचा आणि दुपट्ट्याचा रंग उडवतं तेवढं सांभाळा. फोड जास्त सुजलेले असतील तर डॉक्सिसायक्लिन, जास्तीत जास्त तीन महिने, भरपूर पाण्यासोबत आणि घेतल्यावर लगेच आडवं न होता. क्लिंडामायसिनचं मलम एकटं वापरू नये, जंतू निर्ढावतात. लग्नानंतर लगेच मूल हवं असेल तर ॲडापॅलिन बंद करून अझेलाइक ॲसिड लावायचं. ते गरोदरपणातही चालतं आणि काळे डागही फिके करतं.

गोळी ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी स्पायरोनोलॅक्टोन आहे. मूळचं बीपीचं आणि लघवी वाढवणारं औषध, पण अँड्रोजनला ग्रंथीवर बसूच देत नाही. मुरुमांसाठी त्याची अधिकृत नोंदणी नाही, तरी त्वचारोगतज्ज्ञ ते अनेक वर्षांपासून देत आले आहेत. २०२३ साली ब्रिटनमध्ये ४१० स्त्रियांवर झालेली चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात रोज ५० मिलीग्रॅमने सुरू करून पुढे १०० केलं होतं, आणि २४ आठवड्यांनी फरक स्पष्ट दिसला. म्हणजे इथेही सहा महिनेच. पाळी पुढेमागे होते, स्तन दुखतात, चक्कर येते. ह्या चक्करेचं मी आपल्याकडे फार मनावर घेते. मे महिन्यात ४५ अंशांत तेंदूपत्ता तोडायला किंवा रोजगार हमीवर जाणाऱ्या बाईला लघवी वाढवणारी गोळी देताना दोनदा विचार करावा लागतो. शक्य असेल तर मृगाचा पाऊस पडल्यावर सुरू करते, नाहीतर २५ मिलीग्रॅमवर ठेवते. ह्या औषधाने अंगात पोटॅशियम साचू शकतं. तरुण, धडधाकट मुलीत ते सहसा होत नाही. पण अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात किडनीचे आजार घरोघरी ऐकू येतात, तिकडची कुणी असेल तर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघितल्याशिवाय मी ते देत नाही. गर्भ राहिला आणि तो मुलाचा असला तर त्याच्या वाढीत दोष येऊ शकतो, म्हणून मूल नको असल्याची खात्री हवी. ज्यांना दोन्ही चालतात त्यांना हे आणि गर्भनिरोधक गोळी सोबत देणं सोयीचं पडतं, पाळीही नियमित राहते.

आयसोट्रेटिनॉइन हे हार्मोनचं औषध नाही, पण गाठी, खड्डे पडत असतील तर त्याच्याएवढं जोरकस दुसरं काही नाही. ते जीवनसत्त्व अ चं रूप आहे आणि पोटातल्या बाळाला त्याने भयंकर व्यंग येतं. चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना गर्भ राहताच कामा नये. ताई, तुमचं लग्न ठरायच्या बेतात आहे म्हणून हे ठळकपणे सांगते: कुणी ते लिहून दिलं तर लग्नाची तारीख डॉक्टरांना सांगा, लाजू नका. डॉक्सिसायक्लिनसोबत ते कधीच घ्यायचं नाही, डोक्यातला दाब वाढतो.

मेटफॉर्मिन पीसीओडीत साखरेसाठी, पाळीसाठी उपयोगी. मुरुमांवर त्याचा गुण थोडाच.

काही गोष्टींनी उलट होतं. तीन महिन्यांचं अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन आणि हार्मोनची, कॉपर-टीसारखी गर्भाशयात बसवायची येते ती, ह्या दोन्हींत फक्त प्रोजेस्टिन असतं, काहींचे मुरूम वाढतात. छाया ही गर्भनिरोधक गोळी चांगली आहे, पण तिच्यात हार्मोन नाही आणि तिने मुरूम जात नाहीत. ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी मुरुमांसाठी घेतलेलीही मी पाहिली आहे, ‘हार्मोनचीच आहे ना’ म्हणून. तिचा इथे काहीच संबंध नाही.

पण आपल्या खेड्यात चेहरे सगळ्यात जास्त बिघडतात ते स्टेरॉइडच्या मलमांनी. मेडिकलमध्ये ‘मुरुमाची ट्यूब द्या’ म्हटलं की बेटामेथासोन किंवा मोमेटासोन असलेली ट्यूब हातात येते. चार दिवसांत चेहरा उजळतो, मैत्रिणी नाव विचारतात, गावभर तीच ट्यूब जाते. सहा महिन्यांनी कातडी पातळ, लाल, उन्हात पेटणारी, केस आलेली, आणि मुरूम दुप्पट. सोडली की आग आग होते म्हणून सोडवत नाही. कायद्याने ही मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. वजन वाढवायच्या, ताकदीच्या म्हणून पुडीत मिळणाऱ्या गोळ्यांतही स्टेरॉइड निघतं. त्याने छाती-पाठीवर एकसारखे बारीक फोड उठतात. तुम्ही गेल्या वर्षभरात चेहऱ्याला जे जे लावलं आणि पोटात घेतलं त्याच्या रिकाम्या ट्यूबा, पुड्या सगळं डॉक्टरांसमोर ठेवा. मी तर टेबलावर ओतायलाच सांगते.

घरच्या उपायांवर जास्त लिहीत नाही. लिंबू आणि टूथपेस्ट नको, कातडी भाजते. हळद-बेसनाने नुकसान नाही, गुणही नाही. तिखट आणि ‘पोटातली गरमी’ यांचा मुरुमांशी संबंध दाखवता येत नाही, त्यामुळे मुलीचा ठेचा बंद करू नका. साखर, मैदा, बिस्किटं कमी करून ज्वारीची भाकरी जास्त खाल्ली तर काहींना फरक पडतो. डोक्याला थापून लावलेलं खोबरेल तेल कपाळावर उतरतं, ते रात्री लावून सकाळी धुवा.

गोळी किती दिवस? गुण आल्यावर मी तीन-चार महिने आणखी चालू ठेवते आणि मग थांबून बघते. बऱ्याच जणींचे मुरूम परत येतात, हे आधीच सांगितलेलं बरं. पण तोपर्यंत नवे खड्डे पडायचे थांबलेले असतात, आणि ॲडापॅलिन चालू असेल तर परत येणारे सौम्य असतात. तुमच्या बाबतीत दिवाळीपर्यंत सहा महिने होतात. लग्नानंतर वर्षभर मूल नको असेल तर तीच गोळी पुढे चालू राहू द्या, वेगळं साधन शोधायला नको. लगेच हवं असेल तर बंद करा आणि फॉलिक ॲसिड सुरू करा.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. ज्या डॉक्टरांनी गोळी लिहिली त्यांच्याकडेच परत जा, बदलू नका. जाताना सिकलसेलचा कागद, गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा आणि त्या ट्यूबा न्या. बीपी मोजून घ्या, त्यासाठी उपकेंद्रातल्या सिस्टरही चालतात. यवतमाळला जाणं जमत नसेल तर ग्रामीण रुग्णालयात विचारा, काही ठिकाणी किशोरवयीन मुलींसाठी मैत्री क्लिनिक चालतं, त्या वयाच्या मुलींना तिथे एकटीने जाऊन बोलता येतं. पण तुम्ही आईंना सोबत न्या. त्यांचा लेकरू न होण्याचा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. आणि पहिल्या पाकिटाच्या आधी खिडकीजवळच्या उजेडात चेहऱ्याचा एक फोटो काढून ठेवा, कुठलाही फिल्टर न लावता. तिसऱ्या महिन्यात ‘काहीच फरक नाही’ असं वाटेल, तेव्हा तो उघडून आरशाशेजारी धरा.